नाच बसवणं वेगळं, नाच शिकवणं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगी सातवीत आहे, पाच वर्षं कथक शिकते. मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक-सदस्य आहे. आठवड्याचा एकुलता एक नृत्याचा तास काढून तिथे स्कॉलरशिपचा जादा तास घालायचा प्रस्ताव आलाय. नाचाचा अभ्यासाला खरंच उपयोग होतो का? समितीपुढे काय मांडू? आणि नववीपासून मुलीचं कथक बंद करावं का?"

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. नाच शिकल्याने गणितात मार्क वाढतात, असं समितीपुढे कृपा करून म्हणू नका. मी सत्तावीस वर्षं कथक शिकवतेय, त्यातली बारा-तेरा वर्षं शाळांमध्येही जाते. नाचणारी हुशार मुलं पाहिलीत, नाचणारी नापास झालेलीही पाहिलीत. कलाशिक्षणाने इतर विषयांत फायदा होतो का, यावरच्या संशोधनाचा आढावा ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने 2013 मध्ये प्रसिद्ध केला. नृत्यापुरतं त्यात एवढंच निघालं की जागेचा आणि आकारांचा अंदाज सुधारत असल्याची काही चिन्हं आहेत, पण अभ्यासच इतके थोडे आहेत की ठाम काही म्हणता येत नाही. दुसरं एक संशोधन व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी फिरतं, "नाचल्याने स्मरणशक्ती टिकते" म्हणून. ते 2003 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं, आणि ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या 469 माणसांवरचं आहे. तुमच्या सातवीच्या मुलांशी त्याचा संबंध नाही. समितीत एखादा चौकस माणूस असला तर तो हे शोधून काढेल, आणि मग तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

मग नाचाचा तास कशासाठी ठेवायचा? त्याआधी मला तुम्हालाच विचारायचंय, तुमच्या शाळेत त्या तासाला नेमकं होतं काय? कारण माझा अनुभव असा की बहुतेक शाळांमध्ये नाच शिकवत नाहीत, बसवतात.

बसवणं कसं असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. दिवाळीची सुट्टी संपली की गॅदरिंगचे वारे सुरू होतात. एक गाणं ठरतं. वर्गातल्या चौपन्न मुलांतून बारा निवडली जातात. उंचीला बऱ्या, दिसायला बऱ्या, आणि ज्यांचे आईवडील ड्रेसचे पैसे वेळेवर देतील अशा. मग महिनाभर तेच चार मिनिटांचं गाणं ब्लूटूथ स्पीकरवर लावून पाठ करून घ्यायचं. उरलेली बेचाळीस मुलं त्या तासाला वह्या पूर्ण करतात. गॅदरिंग होतं, टाळ्या पडतात, व्हिडिओ ग्रुपवर येतो, आणि जानेवारीनंतर तो तास कुणाला तरी पोर्शन पूर्ण करायला दिला जातो. तुमच्याकडे असंच चालत असेल, तर समितीचा प्रस्ताव मला चुकीचा वाटत नाही. तो तास मुळात नाचाचा नव्हताच.

मी हे सगळं स्वतः केलंय, म्हणून सांगते. शाळेत शिकवायला लागले तेव्हा पहिली तीन वर्षं मीही नाचच बसवले, आणि चांगले बसवले. तिसऱ्या वर्षी गॅदरिंग झाल्यावर आठवड्याभराने त्याच मुलींना म्हटलं, ते सुरुवातीचं चार पावलांचं आहे ना, ते आता गाण्याशिवाय, मी नुसता टाळीने ठेका देते त्यावर करा. एकीलाही सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडेना. गाण्यात 'अमुक शब्द आला की हात वर' असं त्यांनी पाठ केलं होतं. शब्द गेला, हात गेला. महिनाभर नाचून त्या पोरींना सोळा मात्रा मोजता येत नव्हत्या, आणि तो दोष त्यांचा नव्हता.

पुढच्या वर्षीपासून मी स्पीकर घरी ठेवायला लागले.

शिकवणं म्हणजे काय ते एका तिहाईवरून सांगते. कथकात एखादा बोल तीनदा म्हणून किंवा नाचून बरोबर समेवर येणं म्हणजे तिहाई. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, सुरुवात केली आणि पुढच्या समेवर यायचं असलं तर हातात सतरा मात्रा असतात, कारण पुढची समही मोजायची. 'तिग दा दिग दिग थेई' हा पाच मात्रांचा बोल. तो म्हणायचा, एक मात्रा गप्प राहायचं, परत म्हणायचा, परत एक मात्रा गप्प, तिसऱ्यांदा म्हणायचा. पाच-एक-पाच-एक-पाच. तिसरा 'थेई' धाडकन समेवर. सहावीच्या वर्गात हे आधी पढंतीने करून घेते, म्हणजे तोंडाने बोल आणि हाताने टाळी-खाली: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उलटा. पाय नंतर. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग एक मात्रा आधी पोचतो. मधल्या मात्रेला गप्प बसणं हे त्या वयात बोलण्यापेक्षा अवघड असतं.

दोन-तीन आठवड्यांनी ते जमलं की मी विचारते, आता ताल बदलला, झपताल घेतला, दहा मात्रांचा, तर बोल केवढा लागेल? फळ्यावर काही लिहीत नाही. कुणीतरी म्हणतं, पाच चालणार नाही, बाहेर जाईल. मग चार करून बघतात. मधल्या मात्रा वगळल्या तरी बारा, तेही बाहेर. तीन करतात: तीन-एक-तीन-एक-तीन, अकरा. बसलं! वर्ग ओरडतो. मग रूपकच्या सात मात्रा, मग एकतालाच्या बारा. एकतालाला तीनाचाच बोल घेतला तर मधे एकाऐवजी दोन मात्रा थांबावं लागतं, हे एका मुलाने पाय आपटून आपटूनच शोधलं होतं. त्याला नंतर बीजगणितात किती मार्क पडले मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. मला एवढंच दिसलं की संख्या त्याच्या पायात होती आणि चूक झाली की ती त्याला स्वतःलाच ऐकू येत होती. तपासायला बाई लागत नव्हती.

चूक स्वतःला कळणं, हीच या सगळ्यातली मोठी गोष्ट. वहीतली चूक दुसरा कुणीतरी लाल शाईने दाखवतो. तालातली चूक मुलाच्या कानावर लगेच आदळते, आणि ती चारचौघांत आदळते. पहिले काही आठवडे मुलं हसतात, चुकणारा लाजतो. पुढे सगळेच चुकतात हे सगळ्यांना कळतं आणि हसणं आपोआप थांबतं. मी त्यासाठी काही उपदेश करत नाही. तालच तेवढा कडक असतो.

यापेक्षाही मला प्रिय असलेली गोष्ट म्हणजे गोफ. गोव्यात शिगम्याला, विशेषतः काणकोणकडे, गोफ नाचतात. आपल्याकडेही कितीतरी शाळांत पूर्वी बसवायचे. वरून दोऱ्या किंवा रंगीत पट्ट्या सोडायच्या, प्रत्येकाने एकेक टोक धरायचं. निम्मे एका दिशेने, निम्मे उलट दिशेने, एकाला आतून घ्यायचं, पुढच्याला बाहेरून. असं ठेक्यावर फिरत राहिलं की वर वेणी विणली जाते. मग उलटी पावलं टाकत तीच वेणी उलगडायची. आम्ही जुन्या साड्यांचे काठ फाडून आठ पट्ट्या केल्या होत्या.

एका शाळेत, सहावीचाच वर्ग, गोफ छान विणला गेला, पण उलगडताना मधेच अडकला. गाठ बसली, पुढे सरकेना. लगेच भांडण: तू आतून गेलीस, मी नाही तू. मी म्हटलं, भांडू नका, वर बघा. वेणीत लिहिलेलं असतं. सगळ्यांनी माना वर केल्या. निळ्या पट्टीवरून हिरवी जायला हवी होती, ती एका ठिकाणी खालून गेलेली. तिथून खाली मोजत आले: एक, दोन, तीन, चार. चार फेऱ्यांपूर्वीची चूक. ती झाल्यावरही सगळे बरोबर नाचत राहिले, म्हणून कुणाच्या लक्षात आली नाही. आता गंमत अशी की गोफ नीट सोडवायचा तर नुसतं बरोबर पावलांनी उलटं जाऊन चालत नाही. त्या जागी पोचल्यावर ज्यांनी चूक केली होती त्या दोघांनी तीच चूक उलटी नाचावी लागते, तरच पट्टी मोकळी होते. पोरांनी ते केलं. त्या दोघांना त्या फेरीला सगळ्यांनी ओरडून सांगितलं, "आता चुका!" पट्ट्या सुटून लोंबायला लागल्या तेव्हा मधली सुट्टी होऊन पाच मिनिटं झाली होती आणि कुणी बाहेर गेलं नव्हतं.

हे कुठल्या विषयात मोडतं मला सांगता येणार नाही. पण समितीला दाखवता येईल.

आता संस्कृतीचं. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण शाळेत संस्कृती म्हणजे नऊवारी, नथ आणि फेटा एवढंच असतं. तुमच्या शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर वारली चित्रं रंगवलेली आहेत का? असतीलच, आजकाल सगळीकडे असतात. त्यात एक गोल फिरणारी माणसांची साखळी असते आणि मधे एकजण लांब वाद्य फुंकत उभा असतो. तो तारपा. वाळलेला भोपळा आणि बांबू यांचं वाद्य, आणि भोवती तारपा नाच. पालघर जिल्ह्यात डहाणू-जव्हारकडे आजही नाचतात. साखळीतली माणसं तारपेकऱ्याकडे पाठ करत नाहीत, तो सूर बदलेल तशी पावलं बदलतात आणि तो जिकडे वळेल तिकडे साखळी वळते. जिव्या सोमा म्हशे यांना या चित्रकलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली. म्हणजे आपण भिंतीवर नाच रंगवला, रंगवणाऱ्याचा सन्मान केला, आणि भिंतीच्या आत नाचाचा तास काढून टाकतोय. एकदा त्या भिंतीसमोरच मुलांना उभं करून विचारा, यातला पहिला माणूस कोण, शेवटचा कोण, आणि यांनी हात कसे धरलेत. मग मैदानात तशी साखळी करून चालून बघा. पन्नास मुलांची साखळी न तुटता आत-आत वळवत नेणं किती अवघड आहे ते पहिल्या मिनिटात कळतं. पुढचा भरभर निघाला की मागचा फरपटतो. हे कुणी सांगायला लागत नाही, हाताला ओढ बसते.

नाचात भाषा आणि इतिहासही कसा मुरलेला असतो याचं मला आवडणारं उदाहरण तंजावरचं आहे. भरतनाट्यम म्हटलं की आपण म्हणतो, ते तमिळांचं. आहेच. पण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून 1855 पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचा तो वंश. दुसरे सरफोजी (1798 ते 1832) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, आणि आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिपूपासून तिल्लानापर्यंत जो क्रम दिसतो तो त्यांनी घडवला असं मानतात. खुद्द सरफोजीराजांच्या नावावर नाचासाठी केलेल्या मराठी रचना आहेत, त्यांना निरूपण म्हणत. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. पुण्यात सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या या मराठी रचना शोधून पुन्हा मंचावर आणल्या. इतिहासाच्या पुस्तकात दक्षिण दिग्विजयाचा धडा संपला की तंजावर संपतं. नाचाच्या तासाला मात्र ते पुढे पावणेदोनशे वर्षं चालू राहतं.

आणि एक गोष्ट आपण मुलांपासून लपवतो. आपल्या भाषेत 'नाच' ही शिवी आहे. 'नाचायला लागली', 'नाचे', 'नाचवणे', सगळे शब्द कुणाला तरी खाली पाडणारे. ज्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या ही विद्या जिवंत ठेवली, म्हणजे देवदासी, तवायफ, कोल्हाटी आणि इतर समाजांतल्या फडावरच्या बायका, त्यांना घरात पाऊल ठेवू दिलं नाही. मग गेल्या शतकात मध्यमवर्गाने नाच 'स्वच्छ' करून आपल्या घरात आणला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 साली मद्रासला कलाक्षेत्र काढलं, रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती. रोहिणीताईंचं ऋण मी कितीही मान्य केलं तरी कमीच. पुण्यातल्या मुलींना कथक म्हणजे अभ्यासाचा विषय वाटू लागला तो त्यांच्यामुळे. पण त्याच काळात वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी गाऊन, बसल्या जागी नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी अदाकारी करत होत्या. त्यांना पद्मश्री मिळाली 2012 मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. गॅदरिंगला लावणीवर नाचणाऱ्या मुलीला हे नाव माहीत नसतं. तिला चित्रपटातली लावणी माहीत असते. एकदा एका शाळेत आठवीच्या मुलीने मला सरळ विचारलं, "बाई, लावणीचा ड्रेस चालतो, मग लावणी करणारी बाई शाळेत का नाही बोलवत?" मुख्याध्यापिका शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, बोलवू या. त्या काही बोलल्या नाहीत. दोन वर्षं पाठपुरावा केला, परवानगी मिळाली नाही. मुलगी दहावी होऊन गेली.

मुलग्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण समितीत कुणीतरी विचारेलच. "मुलं काय नाचणार?" त्यांना विचारा, गणपती विसर्जनाला कोण नाचतं. धनगरी गजा नाचतात ते पुरुष, कोकणात जाखडीला म्हणजे बाल्या नाचाला पायात चाळ बांधतात ते पुरुष, दिंडीत पाऊली खेळणारे टाळकरी पुरुष, आणि लेझीम तर आपल्या शाळांत मुलगे कायम खेळत आलेत. कथकातल्या बिरजू महाराजांचं नाव सांगायची गरजच पडत नाही. माझा अनुभव असा की चौथीपर्यंत मुलगे बिनधास्त नाचतात, सहावीत अचानक भिंतीला टेकून उभे राहतात. त्यांना लेझमीच्या आठ मात्रांनी आत आणायचं आणि मग हातातली लेझीम काढून घ्यायची. पाय चालूच राहतात.

एका बाबतीत मात्र समितीने कडक व्हावं असं मला वाटतं, ती म्हणजे शरीर. फरशीवर, त्यातही सिमेंटवर किंवा ग्रॅनाइटवर, पोरांना तासभर पाय आपटायला लावणाऱ्या शिक्षकाला थांबवा. लाकडी जमीन सगळ्यांना परवडत नाही, पण जाड सतरंजीवर हलक्या पायाने करता येतं किंवा सारवलेल्या अंगणात करता येतं. अकरा ते चौदा या वयात हाडं झपाट्याने वाढतात, स्नायू मागे राहतात आणि त्यांची ओढ गुडघ्याखालच्या हाडावर येते. त्या वयातलं गुडघ्याचं दुखणं हा आळस नव्हे. माझ्या गुरूंच्या पिढीत दुखलं तरी करायचं असा शिरस्ता होता, आणि मीही सुरुवातीला तोच पाळला. आज माझ्या उजव्या गुडघ्याला जिना उतरताना ते आठवतं. आणि वजनावरून, रंगावरून, छातीवरून मुलीला काही बोलणारा नृत्यशिक्षक असेल तर तास ठेवा, शिक्षक बदला.

आता तुमची मुलगी. नववीपासून बंद करू नका, कमी करा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. एखादं सत्र सोडलं तर काही बिघडत नाही. पाच वर्षांत ती मध्यमाच्या, म्हणजे विशारदच्या आधीच्या टप्प्याच्या, आसपास असेल. विशारदची घाई दहावीच्या आधी मुळीच करू नका; विशारदला जी समज लागते ती सोळाव्या वर्षी येते असं नाही, अठराव्याला येते असंही नाही. शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा झाल्या असतील तर दहावीला वाढीव गुण मिळतात, लोककलेलाही मिळतात. त्याचे नियम आणि आकडे मधूनमधून बदलतात, म्हणून शाळेत चालू वर्षाचं परिपत्रक मागून घ्या, आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जातोय का ते स्वतः बघा. कागद टेबलाच्या खणात राहून मुलांचे गुण गेल्याची उदाहरणं मी दर वर्षी ऐकते. पण त्या गुणांसाठी कथक चालू ठेवू नका. एवढ्याचसाठी पाच-सहा वर्षं कुणी घाम गाळत नाही.

दहावीच्या वर्षात आठवड्याला एक वर्ग आणि रोज वीस मिनिटं तत्कार, म्हणजे पायांचा मूळ ठेका, एवढं पुरे. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्', घुंगरांशिवाय, दुप्पट-चौपट न करता. माझ्या मुली सांगतात की तीन तास बसून अभ्यास केल्यावर ती वीस मिनिटं हवीहवीशी वाटतात. मी त्याला शास्त्रीय पुरावा म्हणत नाही, पण त्यांच्यातली एकही परीक्षेच्या वर्षी पूर्ण बंद करून नंतर सहज परत आल्याचं मला आठवत नाही. दोन वर्षं पाय थांबले की ठेका राहतो, ताकद जाते, आणि पंधराव्या वर्षी जमायचं ते सतराव्याला जमेना झालं की मुली लाजेने सोडून देतात.

राहिली समिती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको, असं स्पष्ट लिहिलंय, ते जरूर सांगा. पण धोरणाच्या आधारावर तास वाचतो तो कागदावरच. त्यापेक्षा तुम्ही तीन अटी घालून तास मागा. एक, त्या तासाला पटावरचं प्रत्येक मूल नाचेल, निवड होणार नाही. दोन, गॅदरिंगची तालीम त्या तासात होणार नाही, ती शाळा सुटल्यावर. तीन, वर्षातून निदान दोन गोष्टी आपल्या तालुक्यातल्या असतील, आणि त्या जमणाऱ्या माणसाकडून शिकायच्या, मग ती कुणाची मंगळागौर खेळणारी आजी असो की गजा नाचणारा धनगरवाड्यावरचा काका. पाहुणा म्हणून एकदा बोलावून शाल-श्रीफळ देऊन पाठवू नका. सहा आठवडे बोलवा आणि मानधन द्या. या अटी शाळेला जड वाटल्या, तर तास जाऊ द्या आणि मुलीचा क्लास चालू ठेवा. मनाविरुद्ध लिहितेय, पण बसवलेल्या नाचासाठी मी तुम्हाला भांडायला सांगणार नाही.

शिक्षक कुठून आणायचा हा खरा अडचणीचा भाग. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून नृत्य शिकून बाहेर पडणारी मुलं आहेत, विशारद झालेल्या मुली प्रत्येक तालुक्याच्या गावी चार-दोन आहेत. त्यांना शाळेत पन्नास मुलांसमोर उभं राहायची सवय नसते, क्लासमधल्या आठ मुलींची असते. पहिले दोन महिने वर्गशिक्षकांनी सोबत थांबावं, आणि शक्यतो स्वतःही नाचावं. गणिताचे सर तिहाई चुकले की वर्ग त्यांना आयुष्यभर विसरत नाही.

बैठकीला जाताना भाषण लिहून नेऊ नका. आठ पट्ट्या न्या. समितीवर आठ माणसं असतीलच, त्यांच्या हातात एकेक टोक द्या आणि दहा फेऱ्या विणून उलगडायला सांगा. हुक मात्र आधी नीट बसवून घ्या. आम्ही पहिल्यांदा पंख्याच्या हुकाला पट्ट्या बांधल्या होत्या, चौथ्या फेरीला छताचा पोपडा मुख्याध्यापकांच्या चहात पडला.